साय-हबचं नाव प्रबंधात लिहायचं का? माझा पीएचडी सबमिशनचा अनुभव

पीएचडीचा व्हायवा फेब्रुवारीत झाला, मार्चमध्ये पदवी मिळाल्याचं नोटिफिकेशन हातात आलं, आणि तेव्हापासून आमच्या रिसर्च सेंटरमधली मुलं मला विषयाबद्दल कमी आणि एकाच गोष्टीबद्दल जास्त विचारतायत. "ताई, तुम्ही साय-हबचं नाव खरंच प्रबंधात लिहिलंत? आणि कमिटीनं चालवून घेतलं?" साय-हब म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणारे शोधलेख परवानगीविना मोफत उघडून देणारी साइट. तर हो, लिहिलं. पण आधी जे लिहिलं होतं ते आणि शेवटी जे बाइंडिंग होऊन गेलं त्यात बरंच अंतर आहे, आणि ते अंतर कसं पडलं हेच सांगायचंय, कारण मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. ज्याला विचारावं त्याचं मत वेगळं, आणि नियमावलीत याबद्दल एक ओळ नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. माझा विषय पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा वसाहतकाळातला इतिहास, म्हणजे पेशव्यांच्या कात्रजच्या नळाचं इंग्रजांनी काय केलं इथपासून ते १८७० च्या दशकात बांधलेल्या खडकवासला धरणापर्यंत आणि त्याच्या कालव्यांपर्यंत. मूळ कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण सगळे पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात मिळाले. तिथे प्रश्न नव्हता. अर्ज करायचा, फाइल मागायची, नकलेचे पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची. प्रश्न आला तो दुय्यम साधनांचा. वसाहतकालीन सिंचनावर, अभियांत्रिकीवर, शहरांच्या पाण्यावर जे चांगलं काम झालंय त्यातलं बरंचसं परदेशी जर्नल्समध्ये आणि परदेशी प्रकाशकांच्या पुस्तकांत आहे. एक लेख उघडायला पस्तीस-चाळीस डॉलर मागतात, म्हणजे तीन हजारांच्या वर, आणि तो आपल्या कामाचा आहे की नाही हे पैसे भरल्यावर कळणार. एक पुस्तक तर शंभर पौंडांच्या आसपास होतं. माझं रिसर्च सेंटर म्हणजे एक अनुदानित खासगी कॉलेज, ग्रंथालय प्रेमानं चालवलेलं, पण परदेशी जर्नल्सची वर्गणी त्यांना कधीच परवडलेली नाही.

रजिस्ट्रेशन झालं जानेवारी २०२० मध्ये. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळी ग्रंथालयं बंद. त्या काळात आमच्या बॅचमधल्या प्रत्येकानं जे केलं तेच मीही केलं, डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख-क्रमांक, कॉपी करायचा, साय-हबवर टाकायचा, लेख उघडायचा. पुस्तकांसाठी तशीच दुसरी साइट, लायब्ररी जेनेसिस. हे काही आमचंच नाही, सायन्स या नियतकालिकानं २०१६ मध्ये साय-हबच्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात २ कोटी ८० लाख डाउनलोड होते आणि भारत अगदी वरच्या देशांमध्ये होता. आणि हे सगळे लोक आपापल्या पेपरमध्ये, प्रबंधात त्या लेखांचे संदर्भ देतातच ना, फक्त लेख कुठून आला हे कुणी लिहीत नाही. मला हे पहिल्यापासून खटकायचं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात की कागद कुठे पाहिला ते लिही, रुमाल नंबर, म्हणजे दप्तरातल्या गठ्ठ्याचा नंबर, लिही, फाइल नंबर लिही. आणि त्याच प्रबंधात निम्मं वाचन जिथून केलं त्याबद्दल चिडीचूप बसायचं, हे पटत नव्हतं.

म्हणून जून २०२५ मध्ये पूर्ण ड्राफ्ट झाल्यावर ऋणनिर्देश लिहायला बसले तेव्हा आई-बाबांच्या आणि मार्गदर्शकांच्या मध्ये एक परिच्छेद टाकला. साय-हब सुरू करणारी कझाकस्तानची अलेक्झांड्रा एल्बाक्यान, लायब्ररी जेनेसिस चालवणारे अनाम लोक, यांच्याशिवाय हा प्रबंध झाला नसता, त्यांची मी ऋणी आहे, असं सरळ लिहिलं. मनापासून लिहिलं होतं, आजही त्या भावनेत काही खोटं नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ड्राफ्ट वाचून फोन केला. रागावल्या नाहीत, "ये घरी, बोलू" म्हणाल्या. त्यांच्या घरी कपाटातून त्यांनी त्यांच्या पीएचडीच्या वेळची एक झेरॉक्स काढून दाखवली, अख्खं पुस्तक, स्पायरल बाइंडिंग, प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा आणि मागच्या पानावर झेरॉक्सवाल्यानं लिहिलेला हिशोब. कर्वे रोडवर केली होती म्हणाल्या. "हे तरी काय वेगळं होतं? पण आम्ही कुणीच हे प्रबंधात लिहिलं नाही, आम्हाला ते लिहायचं असतं हे सुचलंच नाही. तुला सुचलं ते चांगलंय. पण तू आभार कुणाच्या वतीनं मानतेयस याचा विचार कर. प्रबंधावर तुझ्याबरोबर माझी सही असते, सेंटरचा शिक्का असतो."

या एका वाक्यानं मी जरा थांबले. तोपर्यंत मला वाटत होतं की धोका आहे तो माझा आहे आणि मी घ्यायला तयार आहे. पण प्रबंध एकटीचा नसतो. सही मार्गदर्शकांची, प्रमाणपत्र सेंटरचं, आणि पुढे तो शोधगंगावर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, कायमचा जाणार, कुणीही उघडून वाचू शकणार.

मॅडमनी सुचवलं की आधी ग्रंथपालांशी बोल. आमच्या ग्रंथपाल सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिहायचं की नाही ते नंतर ठरव, आधी एक काम कर, प्रत्येक संदर्भ तू नक्की कुठल्या प्रतीतून वाचलास त्याचा तक्ता कर. आणि आज तो रीतसर मिळतो का ते बघ. २०२१ मध्ये मिळत नव्हता म्हणजे आज मिळत नाही असं नाही." जुलै महिना बहुतेक त्यात गेला. एक्सेल शीट उघडली, रकाने केले: लेखक, शीर्षक, मी वाचलेली फाइल, ती कुठून आली, आज अधिकृतपणे कुठे मिळते, अवतरण पान नंबरासकट ताडलं का. ज्यांचं अजून सुरू आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, हा तक्ता पहिल्या वर्षापासून ठेवा. मला झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइलच्या तारखा बघून आठवत बसावं लागलं.

आता तक्त्यातून काय निघालं ते सांगते, कारण माझं मत बदललं ते तत्त्वाच्या चर्चेनं नाही, या तक्त्यानं बदललं.

बरेच लेख आज रीतसर मिळतात. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे मोफत प्रत शोधणारं एक्स्टेन्शन टाकलं तर काही लेखांची लेखकानं स्वतः ठेवलेली मोफत प्रत सापडते. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे केंद्रानं देशभरातल्या संस्थांसाठी एकत्र भरलेली जर्नल्सची वर्गणी, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय. केंद्रानं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केलेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात आहेत, पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांसाठी आहे, म्हणून आमच्या कॉलेजला नाही. विद्यापीठ सरकारी, त्यामुळे त्याच्या जयकर ग्रंथालयात जाऊन बसलं की त्यातले लेख उघडता येतात. तर सकाळी लवकर जायचं, यादी तयार ठेवायची, पेनड्राइव्हच्या भरवशावर राहायचं नाही, स्वतःला ईमेल करायचं. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जुनी आर्थिक इतिहासाची पुस्तकं छापील मिळाली, जाताना मार्गदर्शकांचं पत्र आणि आयकार्ड न्या. आणि लेखकांना सरळ ईमेल करा. हे मी पाच वर्षं लाजून केलं नव्हतं, पण चार ओळींचं ईमेल, मी कोण, विषय काय, कुठला लेख हवाय आणि आमच्याकडे वर्गणी नाही, एवढंच लिहिलं, तर बहुतेकांची उत्तरं आली, काहींची त्याच दिवशी. एका प्राध्यापकांनी तर मागितलेला लेख पाठवून वर त्याच विषयावरचं स्वतःचं आणखी एक प्रकरण पाठवलं. जर्नलमधल्या लेखाचे लेखकाला पैसे मिळत नाहीत, तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही मिळत नाहीत, त्यामुळे कुणी वाचतंय म्हटल्यावर त्यांना आनंदच होतो.

दुसरी गोष्ट, प्रती जुळत नव्हत्या. लायब्ररी जेनेसिसवरचं एक पुस्तक इपब या ई-बुकच्या प्रकारात होतं, त्याला पान नंबरच नाहीत. दुसऱ्या एका पुस्तकाची पीडीएफ पहिल्या आवृत्तीची होती आणि ग्रंथालयात मिळाली ती सुधारित आवृत्ती, त्यात मुठा कालव्याखालच्या भिजणाऱ्या क्षेत्राचा एक आकडा लेखकानं दुरुस्त केला होता, आणि नेमका तो आकडा माझ्या चौथ्या प्रकरणाचा कणा होता. हे बघितल्यावर मला लख्ख कळलं की "कुठल्या प्रतीतून वाचलं" हे सांगणं ही नुसती प्रामाणिकपणाची गोष्ट नाही, वाचणाऱ्याला त्याची गरज असते. माझा आकडा घेऊन पुढे कुणी काम करणार असेल तर तो आकडा कुठल्या आवृत्तीतला हे त्याला कळायलाच हवं.

आणि तिसरी गोष्ट, ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही. त्या फाइल्स मी पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत पाहिल्या. एका स्कॅनमध्ये पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा आलाय, पान दाबून धरलेला, नखासकट. पुस्तकाच्या आतल्या पानावर दूरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा शिक्का. काही लेखांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं की हा लेख अमुक विद्यापीठाच्या खात्यातून अमुक तारखेला उतरवला. म्हणजे ही फाइल कुणीतरी माणसानं, कुठल्यातरी खुर्चीत बसून, स्वतःची नोकरी किंवा शिक्षण पणाला लावून बाहेर काढलीय. किंवा, प्रकाशकांचा आरोप आहे तसं, कुणाचा तरी पासवर्ड फसवून घेऊन काढलीय. मला माहीत नाही. मी ऋणनिर्देशात ज्यांचे आभार मानत होते त्यांच्यात तो अंगठ्याचा मालक होता आणि ज्याचा पासवर्ड गेला तो बिचाराही कदाचित होता, आणि दोघांनाही विचारलं नव्हतं. परिशिष्टात मी एका लेखातला नकाशा जसाच्या तसा लावला होता, त्याच्या खाली ती बारीक ओळ तशीच होती. तो नकाशा एकोणिसाव्या शतकातला सरकारी, त्याचा कॉपीराइट केव्हाच संपलेला, म्हणून मी तो पुराभिलेखागारातल्या मूळ फाइलमधून नव्याने नक्कल करून घेतला. तुम्हीही स्क्रीनशॉट लावताना कोपरे बघा. आपण आपलं नाव धोक्यात घालू शकतो, दुसऱ्याचं घालायचा आपल्याला हक्क नाही.

या सगळ्यात १९ ऑगस्टला दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश आला. एल्सेविअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या तीन प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये साय-हब आणि लायब्ररी जेनेसिसवर तिथे दावा लावला होता, तेव्हाच एल्बाक्यान यांनी नवे लेख न टाकण्याची हमी कोर्टाला दिली होती. आता साय-हब भारतात ब्लॉक करायचा आदेश झाला आणि थोड्याच दिवसांत साइट उघडेनाशी झाली. व्हीपीएननं उघडते असं सांगणारे लगेच भेटले. मी त्या वाटेला गेले नाही. न्यायालयानं सांगितल्यावर आडवाटेनं जायचं आणि प्रबंधात पारदर्शकतेच्या गोष्टी लिहायच्या, हे मला जमणारं नव्हतं.

शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या मैत्रिणीला मी तेव्हा सगळं विचारलं. तिनं सांगितलेलं माझ्या शब्दांत असं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी वापरासाठी न्याय्य वापराची सूट आहे, आणि वाचणारा त्याचा आधार घेऊ शकतो असं म्हणणारे लोक आहेत, पण साइट चालवणं आणि लेख वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचणाऱ्याबद्दल या प्रकरणात कोर्टानं शेवटचा शब्द दिलेला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा २०१६ चा, पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्सना मोकळीक देणारा निकाल आपल्या बाजूचा वाटतो, पण तो वर्गात शिकवण्यासाठीच्या साहित्याबद्दल आहे, तो ओढून इथे लावू नकोस. आणि शेवटी, "तू जे छापशील ते तुझं लेखी निवेदन असेल, एवढं धरून चाल आणि मग ठरव." फी घेतली नाही तिनं, पण तुमच्या ओळखीत कुणी नसेल तर एखाद्या वकिलाला तासभराचे पैसे देऊन विचारा, तेवढं मोल त्याला आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर प्री-सबमिशनचं प्रेझेंटेशन. तोपर्यंत मी ऋणनिर्देशातला परिच्छेद काढला होता आणि प्रस्तावनेतल्या "साधनांविषयी" या भागात एक टिपण घातलं होतं, कमिटीसमोर ते मुद्दाम वाचून दाखवलं. सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला, माझ्या पाचव्या प्रकरणाला पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

एक सदस्य म्हणाले, हे म्हणजे वाङ्मयचौर्याची कबुली झाली. हा गोंधळ फार लोकांचा होतो म्हणून जरा थांबून सांगते. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून दाखवणं हे वाङ्मयचौर्य, मग तुम्ही पुस्तक विकत घेऊन का वाचलेलं असेना. आणि प्रत अनधिकृत असली तरी लेखकाचं श्रेय जिथल्या तिथे, पान नंबरासकट दिलं असेल तर ते वाङ्मयचौर्य नाही, त्यात जो काही दोष आहे तो प्रत मिळवण्यातला आहे. यूजीसीचे २०१८ चे नियम पहिल्या गोष्टीबद्दल आहेत, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्या आहेत, आणि ती तपासणी करताना संदर्भसूची, प्रस्तावनापर मजकूर आणि ऋणनिर्देश धरतच नाहीत. मी नियमाची प्रिंट बरोबर नेली होती, ती पुढे सरकवली. त्यांनी वाचली आणि मुद्दा सोडला.

दुसऱ्या सदस्यांचं म्हणणं होतं की मूळ प्रकाशनाचा संदर्भ दिलाय ना, मग बाकी सांगायची गरजच काय, जग असंच चालतं. या म्हणण्याला मी मान देते, कारण संदर्भसूचीपुरतं ते बरोबर आहे. संदर्भसूचीत मी एकही अनधिकृत लिंक दिलेली नाही आणि तुम्हीही देऊ नका. संदर्भ असतो तो कृतीचा, लेखक, वर्ष, जर्नल, डीओआय. त्या साइटचे पत्ते सारखे बदलतात, लिंक उद्या मरते, आणि वाचणाऱ्याला आपण बोट धरून तिकडे नेतोय असं होतं ते निराळंच. पण प्रती जुळत नाहीत हे जर मला माहीत आहे, आणि मी कुठली प्रत वाचली हे दडवलं, तर माझ्या तळटीपा मी छापील पुस्तक बघून लिहिल्यात असा वाचणाऱ्याचा समज होतो, आणि तो समज मीच करून दिलेला असतो. ते मला नको होतं.

तेव्हा बाहेरून आलेले तज्ज्ञ, जे तोपर्यंत गप्प होते, ते म्हणाले की इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांपासून आपल्याकडे कागद कुणाच्या दप्तरात मिळाला हे छापायची रीत आहे, ही बाई तेवढंच करतेय. फक्त त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: दप्तराचा मालक कागद राजीखुशीनं देतो, म्हणून त्याचे आभार मानतात; इथे मालकानं दिलेला नाही, त्यामुळे नोंद असू दे, आभार नकोत. मी जे दोन महिने चाचपडत होते ते त्यांनी एका दमात सांगितलं.

कमिटीनं टिपण ठेवायला हरकत नाही असं मिनिट्समध्ये लिहिलं, पण ते सेंटरचं नाही तर संशोधकाचं निवेदन आहे हे वाक्य जोडायला सांगितलं. मी आनंदानं जोडलं. मिनिट्सची सहीची कॉपी मागून घ्या, मला ती पुढे दोनदा उपयोगी पडली. शेवटी छापलं ते असं:

"दुय्यम साधनांपैकी काही ग्रंथ व लेख ग्रंथालयांत उपलब्ध होऊ न शकल्याने २०२० ते २०२४ या काळात साय-हब व लायब्ररी जेनेसिस या अनधिकृत डिजिटल संग्रहांतून वाचले आहेत. संदर्भ सर्वत्र मूळ प्रकाशनाचे दिले आहेत. अवतरणे व आकडे अधिकृत प्रतींशी ताडून पाहिले असून, जेथे ते शक्य झाले नाही तेथे तळटीपेत तसे नमूद केले आहे. हे निवेदन सर्वस्वी संशोधकाचे आहे."

नावं घालायची की नुसतं "अनधिकृत संग्रह" म्हणायचं यावर मॅडमची आणि माझी शेवटपर्यंत चर्चा झाली. मी नावं ठेवली, कारण नुसत्या "अनधिकृत" शब्दावरून वाचणाऱ्याला फाइलच्या दर्जाचा अंदाज येत नाही. साय-हबवर बहुतेक वेळा प्रकाशित झालेली अंतिम प्रतच असते, लायब्ररी जेनेसिसवर आवृत्तीचा भरवसा नसतो, हा फरक जाणकाराला नावावरून कळतो. ज्याला नोकरीची, परमनंट होण्याची चिंता आहे त्यानं नाव न घालता लिहिलं तर मी त्याला कमी प्रामाणिक म्हणणार नाही. माझी परिस्थिती वेगळी होती म्हणून मला जमलं.

मराठी पुस्तकांबद्दल मात्र मी वेगळी वागले आणि ते टिपणात नाही म्हणून इथे सांगते. पुण्याच्या जुन्या पेठांवरच्या एका मराठी पुस्तकाची पीडीएफ मला व्हॉट्सॲपवर आली होती. ती मी वापरली नाही. अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक विकत घेतलं, चारशेच्या आत मिळालं. हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चानं फिरून लिहिणारा लेखक यांच्या बाबतीत "परवडत नाही" हे कारण मी देऊ शकत नाही. परदेशी कंपनी दारात तीन हजार मागते आणि आपला प्रकाशक चारशेत पुस्तक देतो, या दोघांना एकाच मापानं मोजणं चुकीचं आहे, आणि "पायरसी चांगली की वाईट" असा एकच प्रश्न विचारला की हेच होतं.

पुढचं भराभर. ऑक्टोबरमध्ये साम्य तपासणी, रिपोर्ट दहाच्या आत. तो मिळायला दिवाळीमुळे वेळ लागला, तुम्ही दिवाळी धरून मागे तारीख मोजा. प्रिंटिंग आणि हार्ड बाइंडिंग विद्यापीठाजवळच केलं, प्रतीमागे प्रिंट सोडून साधारण साडेतीनशे, आणि मुखपृष्ठावरची अक्षरं सोनेरी टाकण्याआधी स्पेलिंग दोन जणांकडून तपासून घ्या. नोव्हेंबरच्या शेवटी सबमिशन, सहा वर्षांची मुदत जानेवारीत संपत होती त्यामुळे ते दिवस झोपेचे नव्हते. सबमिशन काउंटरवर टिपणाचं पान बघून विचारणा झाली, मिनिट्सची कॉपी दाखवली, घेतलं.

दोन्ही बाह्य परीक्षकांचे रिपोर्ट जानेवारीअखेर आले. एकानं टिपणाचा उल्लेखच केला नाही. दुसऱ्यांनी लिहिलं की असं निवेदन आपण पहिल्यांदाच पाहतोय आणि व्हायवाला विचारू. विचारलंही. हॉलमध्ये पंचवीसेक लोक, माझे आई-बाबा पुढच्या रांगेत, आणि पहिलाच प्रश्न, "न ताडलेली अवतरणं नेमकी कुठली, आणि त्यांच्यावर तुमचा कुठला निष्कर्ष उभा आहे?" मी तक्ता उघडून दाखवला. तशी दोनच राहिली होती, दोन्ही दुसऱ्या प्रकरणातल्या पार्श्वभूमीत, निष्कर्ष एकही त्यांच्यावर नाही. त्यांनी तळटीपा उघडून बघितल्या, मान डोलावली, आणि मग कालव्याच्या पाणीपट्टीवर मला पाऊण तास घेतलं. कायद्याचं कुणी काही विचारलं नाही. मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला, कारण त्या टिपणाचा जो उपयोग व्हावा असं वाटत होतं तोच त्यांनी करून घेतला.

आता प्रबंध शोधगंगावर जायची प्रक्रिया सुरू आहे, संमतीचा फॉर्म भरून दिलाय, कुठलाही रोखकाळ, म्हणजे प्रबंध काही काळ बंद ठेवायची मुदत, न मागता. माझे दोन लेख जर्नलमध्ये आलेत, त्यांच्या स्वीकारलेल्या हस्तलिखिताच्या प्रती प्रकाशकाच्या नियमात बसतील तशा मोफत ठेवल्यात, म्हणजे माझ्यासारख्या कॉलेजातल्या मुलीला त्या शोधायला आडवाट धरावी लागू नये.

आणि ग्रंथपाल सरांनी तो एक्सेल तक्ता मागून घेतला. "आज रीतसर कुठे मिळते" या रकान्यात जिथे जिथे रिकामं होतं त्यातली तीन पुस्तकं त्यांनी पुढच्या खरेदीच्या यादीत टाकलीत, पहिलं अर्थातच मुठा कालव्याच्या आकड्याचं, सुधारित आवृत्ती. निधी एप्रिलनंतर येतो म्हणाले. कुणाला तक्त्याचा कोरा नमुना हवा असेल तर आमच्या सेंटरच्या ग्रंथालयात ठेवलाय, मागा, देतील.